'आलोच' म्हटलं आणि राहून गेलं: हुकलेल्या क्षणाची कविता लिहायला बसताना

नव्यानं कविता लिहिणाऱ्यांच्या वहीत दोन विषय हमखास सापडतात. एक पाऊस आणि दुसरं राहून गेलेलं काहीतरी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा नवी लिहिती मंडळी जमतात, तेव्हा या वह्या माझ्या हातात येतात. पावसाच्या कविता बऱ्या असतात, कारण पाऊस सगळ्यांनी नीट पाहिलेला असतो. राहून गेलेल्या गोष्टीची कविता मात्र फसते. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, बोलताना आवाज कापतो, आणि कागदावर उतरतं ते असं:

काळ निघून गेला, हाती उरला पश्चात्ताप
आयुष्याच्या वाटेवरती नशिबाचा हा शाप

या ओळी माझ्या आहेत. वडील गेल्यानंतरच्या महिन्यात लिहिलेल्या. यमक जुळलंय, चालीत म्हणता येतं, पण या दोन ओळींत माझे वडील कुठेच नाहीत. काय हुकलं, कधी हुकलं, कुणामुळे हुकलं, काहीच नाही. इथून निघून मी पुढे सोळा चरणांच्या एका अभंगापर्यंत पोचलो. तो प्रवास जसा झाला तसा सांगतो. तुमची गोष्ट वेगळी असेल, पण वाटेतले मुक्काम बहुतेक हेच असतील.

पहिली पायरी: दुःखाचं नेमकं नाव ठरवा

लिहायला बसण्याआधी, आपल्याला झालंय काय ते मराठीत नीट विचारा. या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे आणि नवखा लेखक त्यातला एकच शब्द उचलतो: पश्चात्ताप.

पश्चात्ताप हा केलेल्या चुकीचा असतो. कुणाला तोडून बोललो, कुणाला फसवलं, तर पश्चात्ताप. त्यात अपराध आहे आणि पुष्कळदा क्षमेची आशाही आहे. न केलेल्या गोष्टीचं तसं नसतं. त्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत. हळहळ ताजी असते. गाडी आत्ताच सुटली, धूळ अजून खाली बसलेली नाही, तेव्हाची. शिवाय ती दुसऱ्यासाठीही वाटू शकते. चुटपुट लहानशा गोष्टीची: पाहुणे आले आणि त्यांना घरचा आंबा द्यायचाच राहिला, दोन दिवस चुटपुट लागते. रुखरुख मात्र मुक्कामाला येते. दिवसभर कामात विसरायला होतं आणि रात्री दिवा मालवला की पुन्हा सुरू. खंत जुनी झालेली असते. तिच्याबद्दल माणूस शांतपणे बोलू शकतो. सल म्हणजे आत राहिलेलं कुसळ, विशिष्ट जागी हात लागला की दुखतं. हुरहूर मी यात धरत नाही. तिचं तोंड बहुतेक वेळा पुढे असतं, येणाऱ्या संध्याकाळीकडे.

हळहळ, चुटपुट, रुखरुख, हुरहूर हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. सगळे दोन ठोक्यांचे आहेत. मन त्याच जागी परत परत जातं, ते शब्दाच्या नादातच उतरलंय. मी हे उगाच भाषेचं कौतुक म्हणून सांगत नाही. तुमची कविता रुखरुखीची असेल तर तिच्यात काहीतरी परत परत यायला हवं: एखादा शब्द, एखादा आवाज, एखादी ओळ. हळहळीची असेल तर ती आखूड हवी, धाप लागल्यासारखी. खंतीची कविता संथ चालू शकते. नाव ठरलं की घाटही अर्धा ठरतो.

माझ्या वडिलांबाबत मला पश्चात्ताप नव्हता. मी त्यांच्याशी वाईट वागलो नव्हतो. मला रुखरुख होती. हे कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि ते कळल्यावर 'नशिबाचा शाप' आपोआप गळून पडला.

ठरलेला शब्द वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कवितेत मात्र तो येऊ देऊ नका. कवितेत 'रुखरुख' असा शब्द घातला की वाचणाऱ्याला ती वाटून घ्यायला जागा उरत नाही.

दुसरी पायरी: दार उघडं होतं तो क्षण शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथं घाई करू नका.

बहुतेक जण संधी गेल्यानंतरचं लिहितात: रिकामं घर, ओले डोळे, एकटेपण. पण वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं ते आधीच्या क्षणानं, जेव्हा सगळं अजून होऊ शकत होतं. आपल्या म्हणी हे बरोबर ओळखतात. 'बैल गेला अन् झोपा केला' या म्हणीत झोपा म्हणजे गोठ्याचं दार. 'वेळ निघून गेल्यावर उपाय करू नये' असं ती सांगत बसत नाही. बैल दाखवते, दार दाखवते, आणि दोन्हींमधली चुकलेली वेळ आपल्याला दिसते. म्हण त्या शेतकऱ्याला हसते. कवितेनं त्याच्या शेजारी गोठ्यात जाऊन बसायचं असतं, एवढाच फरक.

रवींद्रनाथ ठाकुरांची 'कृपण' नावाची बंगाली कविता १९०६ च्या 'खेया' या संग्रहात आहे. पुढे त्यांनी ती इंग्रजी गीतांजलीतही घेतली. दारोदार मागणाऱ्या एका भिकाऱ्यासमोर राजाचा सोन्याचा रथ येऊन थांबतो. आता आपलं दैन्य फिटणार म्हणून तो उभा राहतो, तर राजाच हात पुढे करून विचारतो, मला काय देतोस? भिकारी गोंधळतो आणि झोळीतला धान्याचा एक बारीकसा कण काढून देतो. संध्याकाळी घरी झोळी उपडी करतो, तर भिक्षेच्या ढिगात सोन्याचा एक कण. तेव्हा तो रडतो, की सगळंच का नाही दिलं. या कवितेचा जीव त्या एका कणात आहे. 'मी कंजूषपणा केला' एवढंच म्हटलं असतं तर शंभर वर्षांनी तिची आठवण निघाली नसती. द्यायचा हात, झोळी, कण, आणि तो निवडतानाचा गोंधळ, सगळं आपल्यासमोर घडतं.

आता तुमचा कण शोधा. त्यासाठी मी एक साधी रीत सांगतो. कागदावर पाच प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं कवितेसारखी न लिहिता पोलिसात जबाब द्यावा तशी लिहा. तेव्हा मी कुठे होतो? हातात काय होतं? समोरचा माणूस नेमका कोणता शब्द बोलला? मी नेमकं काय उत्तर दिलं? त्यानंतर कोणता आवाज आला?

माझी उत्तरं अशी होती. वडिलांचं किराणा दुकान होतं. रात्री दुकान बंद करून, जेवून, ते घरापुढच्या ओट्यावर अडकित्ता घेऊन बसायचे आणि सुपारी कातरायचे. मी आत पलंगावर, हातात मोबाइल. अडकित्त्याचा कट् कट् आवाज आत यायचा. मधेच ते म्हणायचे, "ये रे बाहेर, बस जरा." मी म्हणायचो, "आलोच." थोड्या वेळानं पानाच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज यायचा, मग दाराचा. म्हणजे ते झोपायला गेले. हे रोजचं होतं. एका रात्री त्यांनी दोनदा हाक मारली. एरवी ते एकदाच मारायचे. त्या रात्रीही मी आलोच म्हणालो. त्यांना काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही.

हे लिहून झालं तेव्हा मला जाणवलं की माझ्या त्या पहिल्या दोन ओळींत मी 'आयुष्य' लिहिलं होतं आणि खरं तर हुकली होती ती दहा मिनिटं. बसायचं तर ओट्यावरच होतं.

'रोज' आणि 'एकदा' यांच्याकडे लक्ष द्या. राहून गेलेली गोष्ट बहुतेक वेळा रोजची असते, पण तिच्यात एक दिवस वेगळा असतो. रोजचं सांगितल्याशिवाय तो वेगळा दिवस कळत नाही. जबाब लिहिताना हा दिवस सापडला की दुसरी पायरी संपली.

आणि एक गोष्ट इथंच सांगतो, कारण बैठकीत हे माझ्यासमोर घडलंय. एका मुलीनं तिच्या संगीताच्या बाईंवर लिहिलं होतं, शिकणं अर्धवट सोडल्याबद्दल. बाई कुठे असतात विचारलं तर म्हणाली, तीन गल्ल्या सोडून. ज्याच्याबद्दल लिहिताय तो माणूस हयात असेल, तर आधी जाऊन भेटून या. कविता थांबेल.

तिसरी पायरी: क्रियापदाकडे नीट बघा

हुकलेल्या क्षणाची कविता मराठीत नामांवर कमी आणि क्रियापदांवर जास्त चालते. तीन-चार रूपं ओळखीची करून घ्या.

पहिलं 'असतो तर'. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. 'बसलो असतो तर', 'थांबले असते तर'. नवखा लेखक 'तर'च्या पुढचंही लिहितो: 'तर आज आपण सुखी असतो.' तिथं कविता खाली बसते, कारण तो भाग कुणालाच माहीत नसतो. 'त्या रात्री ओट्यावर बसलो असतो तर' एवढं लिहा आणि ओळ तोडा.

दुसरं 'यचं होतं'. 'सांगायचं होतं', 'विचारायचं होतं'. यात इच्छा जिवंत आहे. थोडं चालतं, पण सलग चार ओळी या रूपात आल्या तर यादी होते.

तिसरं 'राहून गेलं', ज्याचं मी या लेखाच्या नावातही बोट धरलंय. या क्रियापदाची मला फार ओढ आहे आणि थोडी भीतीही. 'मी बोललो नाही' आणि 'बोलायचं राहून गेलं' यांत फरक काय? दुसऱ्यात करणारा गायब आहे. गोष्टच जणू आपण होऊन मागे राहिली. रोजच्या बोलण्यात ही सोय चांगली, माणसाला माणसांत वावरता येतं. कवितेत मात्र सगळी कविता या आडोशाला उभी राहिली की खोटी वाटू लागते. माझं मत असं की अशा कवितेत एकदा तरी 'मी' स्पष्ट यायला हवा, आणि त्यानं काय केलं किंवा काय म्हटलं ते उघड यायला हवं.

शेवटचं रूप म्हणजे ज्या शब्दांनी आपण वेळ पुढे ढकलतो ते शब्द. 'आलोच.' 'येतो.' 'बघू.' 'पुढच्या सुट्टीत नक्की.' 'परीक्षा होऊ दे.' यांची वेगळी यादी करा, कवितेचं खरं भांडवल इथं आहे. 'आलो' हे रूप भूतकाळाचं आहे, पण हाकेला उत्तर म्हणून म्हणताना माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. आणि घरातून बाहेर पडताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जी गोष्ट झालेली नाही ती झाली म्हणून सांगायची आणि जाताना येण्याचं वचन द्यायचं, ही आपल्या बोलण्याची रीतच आहे. राहून गेलेल्या गोष्टीची किती तरी कविता या दोन शब्दांत आयती पडलेली आहे.

चौथी पायरी: घाट निवडा. सुरुवातीला अभंग घ्या

मुक्तछंद सोपा वाटतो म्हणून बहुतेक जण तिकडे वळतात. दुःख ताजं असताना मात्र मुक्तछंदात माणूस वाहवत जातो. अक्षरं मोजायची असली की मन थोडं शांत होतं, हातांना काम मिळतं. म्हणून मी नव्या माणसाला अभंगाची शिफारस करतो. वृत्ताची तयारी लागत नाही, अक्षरं मोजता आली की झालं.

मोठा अभंग या प्रकारात प्रत्येक कडव्याचे चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. तुकोबांचं बघा:

बरें झालें देवा । निघालें दिवाळें ।
बरी या दुष्काळें । पीडा केली ॥

बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार. 'दिवाळें' आणि 'दुष्काळें' जुळलं. १६३० च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, घरातली माणसं गेली. आणि तो माणूस म्हणतो, बरं झालं. याच अभंगात पुढे 'अनुतापें' हा शब्द येतो. वारकऱ्यांचा अनुताप माणसाला नुसता जाळत नाही, त्याचं तोंड दुसरीकडे वळवतो. आपण त्या उंचीवर नाही, पण घाटातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तीन चरण सहाचे चालून आल्यावर चौथा चारच अक्षरांत थांबतो. पायरी असेल असं वाटावं आणि पाय खाली जावा, तसं होतं. हुकलेल्या क्षणाला याहून जवळचा घाट मला माहीत नाही. सगळ्यात जड शब्द त्या चार अक्षरांत ठेवा.

याच्या जोडीला जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पारीच्या म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि पुष्कळशा ऐकायला मिळतात. घरातल्या वस्तूंची नावं घेत घेत मनातलं कसं बोलावं, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

आता माझा अभंग. जबाबातल्या उत्तरांवरून पहिलं कडवं सरळ आलं:

ओट्यावर बाबा । कातरी सुपारी ।
म्हणे, ये बाहेरी । बस जरा ॥

घरी मी त्यांना 'अहो बाबा' म्हणत असे, इथं 'म्हणे' असं एकेरी आलं. ओवी-अभंगात हे चालतं, आणि मला त्यात जवळीकही वाटली. दुसऱ्या कडव्यात तो 'मी', त्याच्या शब्दासकट:

आलोच म्हणालो । मोबाइल हाती ।
बोटे सरकती । पुन्हा पुन्हा ॥

'मोबाइल' अभंगात घालायचा की नाही यावर मी चार दिवस अडून होतो. 'पुस्तक' लिहिलं असतं तर मी जरा बरा दिसलो असतो. पण पुस्तक नव्हतं हातात.

तिसऱ्या कडव्यात ती वेगळी रात्र, दुसरी हाक आणि आवाज:

पुन्हा एक हाक । मग डबा मिटे ।
दार बाबा लोटे । हळूहळू ॥

चौथ्या कडव्यावर आपण खोडाखोडीच्या वेळी येऊ.

पाचवी पायरी, हौस असेल त्यांच्यासाठी: गझलेचा शेर

अभंग दोन-चार जमले की गझलेकडे वळा. तिच्यात रदीफ असतो, म्हणजे शेराच्या शेवटी दर वेळी तसाच परत येणारा शब्द किंवा शब्दसमूह, आणि मघाशी म्हटलं तसं रुखरुखीला परत येणारं काहीतरी लागतंच. रदीफाच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द. सुरेश भटांनी (१९३२–२००३) नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली आहे. नियम तिथून शिका, मी इथं एकच उदाहरण करून दाखवतो.

वृत्त भुजंगप्रयात घेऊ: लगागा लगागा लगागा लगागा. 'ल' म्हणजे लघु, 'गा' म्हणजे गुरू. नाव ऐकून दचकू नका. लहानपणी मनाचे श्लोक म्हटले असतील तर हे वृत्त तुमच्या कानात आहेच. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' त्याच चालीत म्हणा. रदीफ 'राहून गेले' घेतला तर तो ओळीच्या शेवटी नेमका बसतो.

बैठकीतल्या एका मुलाचा मित्र शिकायला परगावी गेला तेव्हा हा स्टेशनवर गेला होता, पण गर्दीत त्याला हाकच मारली नाही. त्याच्यासोबत बसून आम्ही ओळ जुळवली. आधी त्यानं लिहिलं:

मनातील ते नाव राहून गेले

वृत्तात चोख. पण मनात नावं सगळ्यांच्याच असतात. कुठे उभा होतास, असं विचारलं. फलाटावर. मग 'मनातील ते' काढून तेवढ्याच मापात 'फलाटावरी' बसवलं:

निघालो खरा, गाव राहून गेले
फलाटावरी नाव राहून गेले

जाणारा मित्र बोलतोय असं त्यानं धरलं, ही त्याची कल्पना, आणि मला ती फार आवडली. आता तो फलाटावरच्या पाटीचं नावही आहे आणि न मारलेली हाकही. हा झाला मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर. गाव आणि नाव हे काफिये ठरले म्हणजे पुढे 'आव'नं संपणारेच शब्द हवेत: डाव, घाव, भाव. इथं नवखे एका जागी हटकून अडखळतात. रदीफ 'गेले' आहे, तेव्हा काफिया नपुंसकलिंगी एकवचनी हवा किंवा पुल्लिंगी अनेकवचनी. गाव राहून गेले, नाव राहून गेले, डाव (पुष्कळ) राहून गेले. 'हाव राहून गेले' म्हणता येणार नाही.

पुढचा शेर:

परीक्षा सरू दे, म्हणालो तुला मी
किती मांडले डाव राहून गेले

पहिल्या ओळीत दार उघडं आहे, दुसरीत ते लागतं. शेर दोनच ओळींचा, म्हणून हुकलेली गोष्ट त्यात चांगली मावते. पहिल्या ओळीतच रडलात तर दुसरीला काही काम उरत नाही.

केशवसुतांनी (१८६६–१९०५) मराठीत रुजवलेलं चौदा ओळींचं सुनीतही या विषयाला छान आहे, त्यात मधे विचार वळायला जागा असते. पण ते पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

सहावी पायरी: खोडा

लिहून झालं की कागद पंधरा दिवस ठेवून द्या. मग पेन्सिल घेऊन बसा आणि हे शब्द दिसले की त्याखाली रेघ मारा: आयुष्य, काळ, नशीब, वाट, वळण, अश्रू, ओंजळ, मुठीतून निसटलेली वाळू. हे शब्द वाईट नाहीत. ते इतक्या हातांतून फिरलेत की त्यांच्यावर तुमच्या बोटांचा ठसा उमटत नाही. प्रत्येक रेघेपाशी विचारा: इथं घरातली कोणती वस्तू होती?

माझं चौथं कडवं पहिल्यांदा असं होतं:

अडकित्ता आता । गंजला बिचारा ।
डोळ्यांतून धारा । वाहताती ॥

सहा, सहा, सहा, चार. यमक बिनचूक. आणि आधीच्या तीन कडव्यांनी मिळवलेलं सगळं या दोन ओळींनी घालवलं. 'बिचारा' म्हणून मी अडकित्त्याची कीव केली, ती खरं तर स्वतःचीच होती. धारा तर वाहिल्याच नव्हत्या. आणि अडकित्ता गंजलेला नाही. आई तो अधूनमधून पुसते. आधी खोटं काढलं. मग उरलं ते एवढंच, की अडकित्ता फळीवर आहे, आणि हल्ली रात्री मी पुढचं दार लवकर लावत नाही.

अडकित्ता आता । फळीवर आहे ।
दार उघडे हे । आलो, बाबा ॥

त्यांना काय सांगायचं होतं, हे अभंगात आलेलं नाही. एका मित्रानं सुचवलं की तिथं काहीतरी घाल, वाचणाऱ्याला उत्सुकता असते. मला माहीत नसलेलं मी कुठून घालणार? ती मोकळी जागा तशीच राहू दिली. तुमच्या गोष्टीतही अशी एखादी जागा असेल, जिथं उत्तर आता मिळणारच नाही. ती कल्पनेनं भरू नका.

सातवी पायरी: मोठ्यानं वाचा

आधी एकट्यानं, भिंतीकडे तोंड करून. जिथं जीभ अडखळते तिथं शब्द चुकलाय. मग घरातल्या अशा कुणाला तरी वाचून दाखवा ज्यांनी ते घर, तो ओटा पाहिलाय. मी आईला दाखवला. ती तिसऱ्या कडव्यापाशी म्हणाली, डब्याचं झाकण सैल होतं, दोनदा दाबावं लागायचं. ते मला आठवत नव्हतं. अभंगात बसलं नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.

चारचौघांत वाचताना आवाज रडवेला करू नका, आणि गाण्याचाही हट्ट नको. पहिली तीन कडवी रोजच्या बोलण्याच्या वेगानं म्हणा. 'दार उघडे हे' म्हणून झालं की एक श्वास घ्या, पुरता. मग शेवटची चार अक्षरं, ओट्यापर्यंत ऐकू जातील एवढ्याच आवाजात.